आत्या, म्हस, लावणी

२७ जून, शुक्रवार

सुमन गेली. मनीला घेऊन भोंगवलीला, तिच्या भावाकडे. पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे इथं पासलीतच व्हायचं. पण भोरच्या डॉक्टरीणबाईंनी मनीचं प्रेशर बघितलं, सुजलेले पाय बघितले आणि सरळ विचारलं, ऐन वेळी रस्त्यावर दरड आली तर काय करणार? तेव्हा मामाचं घर ठरलं. तिथून भोरही हाताशी, आणि जावईबापू शिरवळच्या कंपनीतून सुटले की येऊ शकतात. सगळं बरोबर आहे. फक्त ऐन लावणीत घर माझ्या गळ्यात.

निघताना सुमन आईच्या पाया पडली. "आत्या, जपा." मग जीपमध्ये बसून माझ्या नाकासमोर तीन बोटं धरली.

"आत्या, म्हस, लावणी. तीनच गोष्टी बगायच्या. बाकीचं पडलं, झडलं, व्हावून गेलं तरी जायाचं न्हाई."

"व्हय."

"ह्योच तर रोग हाय तुमाला. व्हय म्हनायचा."

मनी खिडकीतून म्हणाली, "आप्पा, बोलावलं की यायचं हां. लावणी हाय म्हनून सांगायचं न्हाई." तिलाही व्हय म्हणालो. हा एक होकार मात्र पाळायचा आहे.

घरात येऊन बघतो तर भांड्यांच्या कपाटाला कुलूप. बाहेर दोन ताटं, दोन वाट्या, दोन तांबे, एक पातेली, तवा. फोन केला. जीप अजून वेल्ह्यालाही पोचली नव्हती.

"किल्ली?"

"माझ्या गळ्यात हाय. मंगळसूत्राशेजारी. मानसं दोन, ताटं दोन. वापरायची, घासायची, परत वापरायची. न्हाईतर मी येईस्तवर मोरीत डोंगूर हुईल."

बाईनं मला बरोबर ओळखलं आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, ओळखणारच.

२९ जून, रविवार

भाकरी थापली. नकाशा झाला. आई कवळीनं बराच वेळ चावत होती. म्हटलं, कडक झाली का? "न्हाई रं दत्तू, मऊ हाय." आणि उरलेली हळूच म्हशीला, चंद्रीला टाकली. चंद्रीनंही आधी हुंगून बघितलं.

दोन ताटांचं मात्र पटलं. जेवण झालं की धुवायचं, पालथं घालायचं, विषय संपला. सुमन असताना घरात एवढी भांडी रोज का निघतात ते आता विचारलं पाहिजे. नको. विचारलं तर उत्तर मिळेल.

रोप छान वर आलंय. हिरवंगार. आमच्या लावणीची पाळी १२ तारखेला, शनिवारी. त्याआधी मला सगळ्यांच्या खाचरात जाऊन कंबर मोडायची. सावड म्हणजे सावड, आज मी त्यांच्यात, उद्या ते माझ्यात. मजूर आणून लावणी करायची पद्धत अजून आमच्यात आली नाही, आणि येऊ नये.

३० जून, सोमवार

आज कुणाकुणाला व्हय म्हणालो:

डेअरीवर सकाळचं माप घ्यायला, कारण नेहमीचा माणूस पुण्याला गेलाय. शाळेच्या मीटिंगला. भजनाच्या पेटीचा भाता शिवून द्यायला. आणि सदाभाऊंना, देवळाचा पत्रा बदलायला. सदाभाऊ कमिटीचे अध्यक्ष, वयानं मोठे, दारात येऊन उभे राहिले की माझी जीभ आपोआप व्हय म्हणते. "दत्ता, तुझ्याबिगर पत्रा चढायचा न्हाई बग." एवढं म्हटलं की माझी छाती फुगते. फुगते हे मला कळतंही. तरी फुगतेच.

सुमनला फोनवर यातलं एकच सांगितलं. ती म्हणाली, "गावात कुनाच्या दारात पाल पडली तरी तुमाला बलावत्यात. जावा, पाल बगून या."

मनीचे पाय अजून सुजलेलेच. मीठ बंद केलंय. मामी रोज शिव्या घालून झोपायला लावते.

२ जुलै, बुधवार

लिहवत नाही. तरी लिहितो.

सकाळी डेअरी, तिथून परस्पर देवळावर. पत्रा चढवायला चौघंच, म्हणून मीही चढलो; म्हटलं अर्ध्या तासात उरकू. जायच्या घाईत चंद्रीला दावं बांधलं की नुसतं खुंट्याला गुंडाळलं, आठवत नाही. बांधलं नसणार.

दुपारी शेवंतावहिनी पळत आल्या. शेजारचं घर त्यांचं. खालून ओरडल्या, "दत्ताभावजी, उतरा! म्हस रोपात शिरलीया, आन् तुमची आई काठी घिऊन मागं गेल्यात!"

पोचलो तर आई बांधावर बसलेली. डोक्यावर पावसाची खोळ नाही, लुगडं चिंब, चपला कुठं गेल्या कळेना. चंद्री शेजारी उभी, तोंडाच्या दोन्ही बाजूंनी हिरवं लोंबतंय. एक वाफा खाल्ला, दुसरा तुडवला. रोपाचा बरा पाव हिस्सा गेला.

आई म्हणाली, "तिला मारू नगंस. दावं तिनं न्हाई सोडलं."

आत्या, म्हस, लावणी. तिन्ही एका दुपारीत. आणि मी देवळाच्या पत्र्यावर, लष्कराच्या भाकऱ्या भाजत.

३ जुलै, गुरुवार

आईला ताप. वेल्ह्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, थंडी भरलीय, छाती साफ आहे, विश्रांती द्या. येताना जीपमध्ये माझ्या खांद्यावर झोपली. एवढंसं वजन राहिलंय तिचं.

आई म्हणते, सुमनला सांगू नको, पोरीच्या घोरात आहे ती. संध्याकाळी फोनवर मी नुसतं "सगळं बरं हाय" म्हणालो. ती मग म्हणाली, "शेवंताचा फोन आलता सकाळी."

रागावली असती तर बरं झालं असतं. मग विचारलंन, "आत्यांनी काय खाल्लं?"

"पेज."

"मऊ केलीय ना? लसून घाला थोडा. आन् तुमी जेवला का?"

फोन ठेवल्यावर चुलीपुढं बसून राहिलो. ही बाई आपल्याला कशी मिळाली, असा विचार आला.

४ जुलै, शुक्रवार

आज नाही म्हणायला शिकलो. या वयात.

डेअरी सोडली. शाळेच्या मीटिंगला निरोप धाडला. पेटी भजनवाल्यांना परत नेऊन दिली, भाता तसाच फाटका. गावाच्या ग्रुपवर दिवसभर टिंग टिंग चालतं, तोही गप्प करून टाकला. मनीनंच एकदा दाखवलं होतं कसं करायचं ते.

शेवटी सदाभाऊ. त्यांच्या ओट्यावर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "भाऊ, पत्र्याचं मला जमायचं न्हाई. लावणी होईस्तवर न्हाई."

"न्हाई?" ते माझ्याकडं असे बघायला लागले की जणू चंद्री बोलली. "आरं, देवाचं काम हाय दत्ता."

"देवाला पत्रा नसला तरी चालंल. माझ्या आईला ताप हाय."

उठून आत गेले. चहा विचारला नाही. घरी आलो तेव्हा छाती हलकी. आईला सांगितलं तर तापातसुद्धा हसली. "सुमनीला फोन कर. तिला खरं वाटायचं न्हाई."

खरंच वाटलं नाही.

७ जुलै, सोमवार

आईचा ताप उतरला. उन्हाचा एक तुकडा अंगणात पडला होता तेवढ्यात बसून घेतलंन.

आज सावड शेवंतावहिनींच्या खाचरात. चिखल गुडघाभर, कंबर माझी राहिलेली नाही. बायका गात होत्या, पण घरमालकीणच नव्हती. वहिनी पहाटेपासून चुलीपुढं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, वर गुलाबजाम. पूर्वी सावडीला भाकरी-कालवण असायचं. मग एकानं एका साली जिलबी वाढली, पुढच्यानं लाडू केले. आता ज्याची लावणी त्याच्या घरची बाईच शेतात उतरत नाही. स्वतःचंच भात लावायला तिला सवड नाही.

दुपारी वहिनी ताटं घासत होत्या. ढीगभर. म्हणाल्या, "भावजी, माझ्याच खाचरात माझा पाय न्हाई लागला बगा आज." हसून म्हणाल्या, पण डोळे हसत नव्हते.

तेव्हाच रोपाचा विषय काढला. लाज वाटत होती. आढेवेढे न घेता म्हणाल्या, "आमचं उरंल त्येवढं न्या." अजून दोघांनी दिलं. पुरेल की नाही, लावायला घेतल्याशिवाय कळणार नाही.

९ जुलै, बुधवार

मनी फोनवर बराच वेळ बोलली. डोकं दुखतं म्हणते. भीती वाटतेय हे बोलली नाही, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी "आप्पा" म्हणत होती. लहानपणी अंधारात चालताना असंच करायची. मी आहे ना मागं, हे बघायला.

"शनिवारी लावणी झाली की लगीच येतो," म्हटलं.

"बरं आप्पा."

दिवस सोपे झालेत खरे. सकाळी चंद्रीची धार, आईची गोळी, सावडीला जायचं, संध्याकाळी पुन्हा धार, पेज किंवा भात, दोन ताटं. देवळाचा पत्रा माझ्याशिवाय चढला, असं कळलं. थोडं वाईट वाटलं. मनुष्यस्वभाव.

११ जुलै, शुक्रवार

एक ना धड, भाराभर चिंध्या, अशी गत. क्रमानं लिहितो.

उद्या आमची सावड. तीसएक माणसं जेवणार. दुपारी भांडी काढायला गेलो तर समोर कुलूप. सुमनही विसरली, मीही विसरलो. किल्ली भोंगवलीला, मंगळसूत्राशेजारी. आई म्हणाली, "फोड कुलूप." हातोडा घेतला. मग थांबलो. कुलूप फोडलं की तीस ताटं बाहेर येणार. मग चार पदार्थ करावेसे वाटणार, आणि ते करायला नि घासायला कुणाची तरी शेवंतावहिनी होणार. हातोडा ठेवला.

ग्रुपवर लिहिलं: उद्या जेवायला येताना आपापलं ताट घेऊन यावे. भात आणि घेवड्याची आमटी. दुसरं काही नाही. दत्ता.

पहिलं उत्तर सदाभाऊंचं. ओट्यावरून, तेही ओरडून. "ताटं आना म्हनं! तुज्या बापानं गावाला पंगती घातल्या आन् तू?" मी म्हटलं, "भाऊ, यायचं तर या." दुसऱ्या कुणाचंच उत्तर नाही.

संध्याकाळी सुमनचा फोन. मनीचं प्रेशर वाढलंय. आत्ताच भोरला नेतायत, दाखल करणार. उद्या बहुतेक ऑपरेशन. जावईबापू गाडी घेऊन आलेत.

उद्याची पाळी गेली तर पुढची आठवड्यानं. तोवर रोप जून होऊन जाईल. वर्षाचं भात. मी विचारलं, "सुमन, तू म्हनालीस तीन गोष्टी. मी आता काय करू?"

वाटलं होतं, ती बोटं मोजून सांगेल. ती रडत होती. मनीच्या जन्मापासून आजपर्यंत हिला फोनवर रडताना ऐकलं नव्हतं.

फक्त म्हणाली, "या."

१२ जुलै, शनिवार. कापूरहोळ, दुपारी

ST ची वाट बघतोय. एका ढाब्याच्या बाकावर बसून लिहितोय. चहा गार झाला.

सकाळी धार काढली. चंद्रीला शेवंतावहिनींच्या गोठ्यात बांधलं. दाव्याची गाठ दोनदा ओढून बघितली. वहिनी म्हणाल्या, "भावजी, म्हस पळायची न्हाई. तुमी पळा."

खाचरात उजाडता उजाडता माणसं जमायला लागली. मी मान खाली घालून सांगायला सुरुवात केली, की मला जावं लागतंय, मालकच नसलेल्या शेतात राबायला लावणं बरं नाही, तुम्ही परत गेलात तरी राग नाही. आपल्याकडं रीत आहे, पहिली मूठ घरच्याच हातानं रोवायची. मग दिवसभर घरचं कुणी बांधावर नसेल तर सावड चिखलात पाय घालत नाही.

मागून आईचा आवाज. "मूठ मी लावते."

तापातून उठलेली. दोन बायकांच्या हाताला धरून बांधावरून उतरली. वाकली, पहिली मूठ रोवली. मग बांधावर घोंगडी टाकून, खोळ घेऊन बसली. "मी हाय हितं. आता कोन म्हनंल मालक न्हाई? दत्तू, जा बाबा. पोर वाट बघतीया."

मी बघितलं तर बांधावर सगळ्यांच्या पिशव्या, आणि प्रत्येक पिशवीतून ताटाची कड बाहेर आलेली. शेवंतावहिनी चिखलात पहिल्या ओळीला. आमटी कोण बघणार, असं विचारलं तर म्हणाल्या, "शिजंल की. भात-आमटीला काय पाळना म्हनाया लागतोय?"

वाटेत सदाभाऊ भेटले. डोक्यावर देवळाचं मोठं पातेलं, एवढ्या वयात. खाली बघून म्हणाले, "तुज्या बापाच्या पंगतीचा भात ह्याच्यातच शिजायचा. जा. पोरगी कशी हाय त्ये कळीव." आणि बगलेत त्यांचं स्वतःचं ताट होतं.

दुधाच्या टेम्पोनं वेल्हे. पुढं मिळेल त्या गाडीनं. पिशवीत आईचं जुनं मऊ लुगडं आहे, धुऊन घडी केलेलं, बाळाला गुंडाळायला. सुमन फोन उचलत नाही.

भोरची गाडी लागली.

१२ जुलै, संध्याकाळी. भोर

दवाखान्याच्या बाहेरचा बाक. मी पोचलो तेव्हा मनीला आत नेतच होते. चेहरा सुजलेला, केस टोपीत. मला बघितलं आणि म्हणाली, "आप्पा, लावणी?"

मी म्हटलं, "तू सांगायचं न्हाई म्हनालीस ना."

हसली. दार लागलं.

जावईबापू औषधं आणायला खाली गेलेत. सुमन शेजारी बसली आहे. तिनं तीन बोटं उघडली, पहिल्या दिवशी धरली होती तशी.

"आत्या?"

"बांधावर बसलीया. पयली मूठ तिनंच लावली."

एक बोट मिटलं.

"म्हस?"

"शेवंतावहिनींच्या गोठ्यात. गाठ दोनदा बगितली."

दुसरं मिटलं.

"लावणी?"

मघाशीच वहिनींचा फोन आला होता. वरची दोन खाचरं झाली. खालच्याला रोप पुरेल असं वाटत नाही, पण उजेड आहे तोवर लावतोय म्हणाल्या. ते सांगितलं. तिसरं बोट अर्धंच मिटलं.

मग एकदम दचकून गळ्याला हात लावलान. किल्ली. "आगं बया! एवढी मानसं जेवली कशात? कुलूप फोडलंत?"

"न्हाई. ज्येच्या त्येच्या ताटात. ज्येनं त्येनं आपलं घासलं म्हनं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग हसायला लागली, तोंडावर पदर धरून. हसता हसता रडायला लागली. मी तिचा हात धरला. चारचौघांत कधी धरलेला नाही.

आत बोलण्याचा आवाज येतोय, पण शब्द कळत नाहीत. लुगडं सुमनच्या मांडीवर आहे, घडी तिनं दोनदा उलगडून पुन्हा घातली. तिचा हात अजून माझ्या डाव्या हातात, म्हणून वही गुडघ्यावर ठेवून एका हातानं कसंबसं लिहितोय.

आतली नर्सबाई बाहेर आली. लुगडं मागतेय.